खाडा नव्हे, विसावा

(स्त्री-गटांमध्ये स्वसंरक्षणाचे वर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात समारोपाच्या सत्रात केलेलं भाषण. वक्त्या गेली अनेक वर्षं मुंबईतल्या एका कामगार वस्तीत मुली आणि बायकांसाठी कराटेचा वर्ग चालवतात.)

कालपासून आपण घाम गाळतोय. ठोसे, लाथा, मनगट सोडवणं, मागून धरलं तर काय करायचं, पडायचं तर कसं पडायचं, सगळं झालं. आज सकाळी साडेसहाला मी हॉलमध्ये आले तेव्हा निम्म्या जणी आधीच मैदानात उतरल्या होत्या. त्यातली एक लंगडत होती. मी विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणाली, "काही नाही ताई, गुडघा जरा धरलाय. करता करता होईल मोकळा." मी म्हटलं, "तू आज बस."

ती बसली. पण कशी बसली? भिंतीला पाठ न टेकता, चवड्यांवर. कुणी हाक मारली की लगेच उठता यावं अशी. दहा मिनिटांनी बघते तर ही बाई सगळ्यांसाठी पाण्याचे ग्लास भरतेय. मग चपला ओळीनं लावल्या. मग सतरंजीच्या घड्या. मी तिला हाताला धरून पुन्हा बसवलं तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "ताई, सगळ्या करतायत आणि मी नुसती बसलेय, कसंतरीच वाटतं." तिला विचारूनच हे तुम्हाला सांगतेय.

समारोपाला मी दुसरंच बोलणार होते. ते राहू दे. मला आज या बसण्याबद्दल बोलायचं आहे. आपण बायकांना लढायला शिकवतो. पण एक दिवस न लढता, मनाला न खाता, स्वस्थ बसायला आपण स्वतःच शिकलेलो नाही. आणि जे आपल्याला येत नाही ते आपण दुसरीला काय शिकवणार?

आधी माझंच सांगते. मी १९९१ साली कराटे शिकायला लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते, पदरी दोन वर्षांचा मुलगा. वर्गात बाकी सगळी शाळा-कॉलेजातली पोरं. सकाळी पाचला उठून डबे, मग लोकल, ऑफिस, संध्याकाळी साडेसहा ते आठ वर्ग, आणि घरी येऊन पोळ्या. घरातून परवानगी मिळवायला मला आठ महिने लागले होते. त्यामुळे मी एकही दिवस चुकवत नसे. चुकवला तर घरचे म्हणणार, "बघा, उत्साह ओसरला." सर म्हणणार, "बायकांचं असंच." दोन्हीकडच्या माणसांना चूक ठरवायचं म्हणून मी तापातही गेले, पाळीच्या पहिल्या दिवशीही गेले.

१९९६ साली ब्लॅक बेल्टच्या परीक्षेच्या आधी तीन महिने माझी नडगी दुखायला लागली. आधी वर्गानंतर दुखायची, मग वर्गात, मग लोकलचा जिना चढताना. सरांना सांगितलं. ते म्हणाले, "दुखणं डोक्यात असतं." मला ते पटलं, कारण घरीही मी तेच ऐकत वाढले होते. शेवटी एके संध्याकाळी लाथ मारून पाय खाली टेकला आणि मी तिथंच बसले. हाडाला बारीक चीर गेली होती. डॉक्टर म्हणाले, "हे एका माराचं नाही. रोज थोडं थोडं झालंय. हाड भरून यायला तुम्ही वेळच दिला नाहीत." दोन महिने सगळं बंद.

त्या दोन महिन्यांत मला जे कळलं ते पाच वर्षांत कळलं नव्हतं. मी पलंगावर बसलेली असे आणि दिवसातून दहा वेळा एक वाक्य कानावर पडे: "बसल्या बसल्या एवढी मेथी निवडून दे." बसल्या बसल्या लसूण सोल. बसल्या बसल्या मुलाचा अभ्यास घे. विश्रांती पायाला सांगितली होती, हातांना थोडीच! सासूबाई दुष्ट होत्या असं नाही हं. त्यांनी स्वतः जन्मात कधी रिकाम्या हातानं बसून पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांना ते दिसतच नव्हतं. आणि खरं सांगू का, मीच एक-दोनदा हाक मारून म्हटलं, "आणा ती मेथी इकडे." रिकाम्या हातांची मला लाज वाटत होती.

ही लाज कुठून येते? मला वाटतं, ती एका शब्दात दडलेली आहे. खाडा. आपल्या घरकामगार मैत्रिणींना हा शब्द समजावायला नको. खाडा झाला की पैसे कापले जातात. ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींनाही नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. एका दिवसाचा खाडा झाला तर मुकादम पाचशे रुपये दंड लावतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला तेव्हा सरकारी समितीपुढे आकडे आले. ब्याऐंशी हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या तेरा हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती. कारणं अनेक होती. लहान वयातली लग्नं होती, फडावर पाणी आणि आडोसा नसणं होतं, पैशाला चटावलेले डॉक्टर होते. पण त्यांत हेही एक होतं की पाळीचा त्रास म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड. शरीराला एक दिवस द्यायची सोय नाही, म्हणून शरीराचा एक भागच काढून टाकायचा. कामाचा हिशेब करणाऱ्यांनी बाईच्या विश्रांतीला काय किंमत लावली आहे, हे याहून वेगळं काय सांगायचं?

आपल्या वर्गात येणाऱ्या बाईच्या मनात हा हिशेब पक्का बसलेला असतो. घरात खाडा नाही, कामावर खाडा नाही. मग जी एक गोष्ट तिनं हट्टानं स्वतःसाठी मिळवली, तिथेही ती त्याच हिशेबानं वागते. आणि आपण काय करतो? आपणही हजेरीचं रजिस्टर काढतो.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट मी आजवर फार थोड्या जणींना सांगितली आहे. आमचा वर्ग सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती. एक घरकामगार बाई यायची. चार घरची धुणी-भांडी करून, साडी खोचून उभी राहायची. तिचा ठोसा असा होता की पॅड धरणारी मागे सरकायची. पण आठवड्यातून एखाद्या दिवशी ती यायची नाही. एकदा सलग दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हटलं, "खाडेच करायचे असतील तर यायचं कशाला?" ती काही बोलली नाही. तो तास तिनं पूर्ण केला. पुन्हा मात्र आली नाही.

दीडेक वर्षानं ती मला एका मोर्चात भेटली. मी म्हटलं, "अगं, तू येणं का सोडलंस?" ती म्हणाली, "ताई, त्या दोन दिवसांत माझी कंबर अशी धरली होती की बादली उचलवत नव्हती. कामं चुकवली नाहीत, फक्त तुमचा वर्ग चुकवला. कामावर खाडा केला तर पैसे जातात. तुमच्याकडे चारचौघींत लाज गेली. पैसे परवडले."

पाच वर्षं मला सरांनी जे केलं तेच मी तिला केलं होतं. बाई होते, स्त्री-संघटनेची कार्यकर्ती होते, तरीही.

आता जरा मागे जाऊ. आपल्याला वाटतं, सुट्टी ही आळशी माणसाची गोष्ट. "आराम हराम है" ही घोषणा आपण लहानपणापासून भिंतींवर वाचली. पण मी ज्या वस्तीत वर्ग घेते त्या गिरणगावात सुट्टी लढून मिळवलेली आहे. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. पगार वेळेवर. ते सहजासहजी मिळालं नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या अशी नोंद आहे. काय बोलल्या असतील, कशा उभ्या राहिल्या असतील, मला नेहमी वाटतं. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानं बायकांच्या कामाचे तास दिवसाला अकरावर आणले आणि मधे दीड तासाची विश्रांती बंधनकारक केली.

लोखंड्यांनी विश्रांती मागितली तेव्हा मालकांना कामगार आळशी वाटले असतील. आपण मात्र त्यांना पुढारी म्हणतो. मग स्वतःसाठी एक दिवस मागणारी बाई आपल्याला आळशी का वाटते?

अर्थात रविवार मिळाला तो गिरणीपुरता. चुलीला रविवार मिळाला नाही. उलट रविवारी नवरा घरी, मुलं घरी, मटण, पाहुणे, आठवड्याची धुणी. सरकारच्या वेळ-वापर पाहणीचे आकडे पाहा. २०१९ साली घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि ते करणारे पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत बायकांची २८९ मिनिटं झाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनीही आपली नऊ वाचवली. हसताय तुम्ही, पण आपल्या वर्गात येणारी प्रत्येक बाई ही पावणेपाच तासांची मेहनत करून वर आपल्याकडे व्यायामाला येते. तरुण मुलाला लावायचं तेच वेळापत्रक तिला लावणं हा अन्याय तर आहेच, पण ते शास्त्राच्या दृष्टीनंही चूक आहे.

शास्त्राचं थोडक्यात सांगते, कारण "मला बरं वाटत नाही" हे घरात कुणी ऐकत नाही, पण "असं शास्त्र आहे" म्हटलं की ऐकतात!

व्यायाम करताना आपण बळकट होत नाही. व्यायाम करताना स्नायूंचे तंतू थोडे थोडे फाटतात, साठवलेली साखर संपते, हाडांवर ताण येतो. हे भरून निघतं ते नंतर, खाताना आणि झोपताना. आणि भरून येताना शरीर आधीपेक्षा थोडं जास्त भरतं, म्हणून ताकद वाढते. जोरदार मेहनतीनंतर त्याच स्नायूंना साधारण दोन दिवस लागतात. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या शिरा, म्हणजे कंडरा, आणि हाडं यांना त्याहून जास्त वेळ लागतो, कारण कंडरांना रक्ताचा पुरवठा कमी. म्हणून होतं काय, तीन महिन्यांत ठोसा जोरदार होतो, पण मनगट आणि गुडघा मागे राहतात, आणि दुखापत तिथेच होते. नवीन शिकलेली हालचालसुद्धा अंगात मुरते ती झोपेत. काल न जमलेला काता आज अचानक जमतो, हा अनुभव तुम्हा सगळ्यांना आहे. तो चमत्कार नाही, रात्रीच्या झोपेचं काम आहे.

आणि एक दिवस चुकला तर सगळं जातं हे साफ खोटं आहे. आठवडाभर पूर्ण थांबलात तरी कमावलेली ताकद जात नाही. दमसास दोनेक आठवड्यांनी उतरू लागतो, स्नायूंची ताकद तीन-चार आठवडे सहज टिकते. हे मी आमच्या वर्गात मोठ्या अक्षरांत लिहून लावलं आहे.

आता बाईच्या शरीराचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायकांना रक्तक्षय आढळला. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. म्हणजे आपल्यापुढे वीस जणी उभ्या असतील तर त्यांतल्या दहा-अकरा जणींच्या रक्तात पुरेसं हिमोग्लोबिन नाही. त्यांना धाप लागते, चक्कर येते, आणि आपण म्हणतो, "दम वाढव, अजून दोन फेऱ्या मार." दम फेऱ्यांनी वाढणार नाही. त्यांना रक्त तपासून घ्यायला सांगा.

खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की मुलींची पाळी अनियमित होते किंवा बंद होते. बऱ्याच मुली खूश होतात, कटकट गेली म्हणून. प्रशिक्षकही त्याला 'फिट' झाल्याची खूण समजतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली याबद्दल स्पष्ट इशारा दिला. शरीराला मिळणारी ऊर्जा पुरत नसली की पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती, मन सगळ्यावर परिणाम होतो. पाळी बंद झालेली मुलगी ही डॉक्टरकडे न्यायची मुलगी आहे.

पाळीच्या दिवसांतल्या विश्रांतीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. आपल्या आज्या-पणज्यांना चार दिवस 'बाहेर' बसवलं जायचं. कुणी कुणी म्हणतात, तेवढीच त्यांना विश्रांती. मला हे मान्य नाही. विटाळ म्हणून कोपऱ्यात बसवणं ही शिक्षा होती, आणि शेतातली, गोठ्यातली कामं तेव्हाही सुटत नसत. म्हणून आमच्या वर्गात आम्ही सक्तीची सुट्टी ठेवलेली नाही आणि सक्तीची हजेरीही नाही. जिला करावंसं वाटतं तिनं करावं, जिला नको वाटतं तिनं बसावं. कारण सांगायची गरज नाही.

पुरुषांच्या जगात विश्रांतीची लाज कधी नव्हती, हेही बघा. कोल्हापूरकडच्या तालमीत जाऊन वस्तादांना विचारा. मेहनत, खुराक आणि आराम, तिन्ही सारखेच म्हणतील. पहाटे मेहनत केलेला पैलवान दुपारी पोटभर खाऊन झोपतो आणि गावाला त्याचं कौतुक असतं. त्याला कुणी म्हणत नाही, "झोपल्या झोपल्या मेथी निवड." त्याच्यासाठी म्हशीची धार काढणारी, बदाम वाटणारी मात्र घरातली बाईच असते. केरळच्या कळरीपयट्टमध्ये तेलाचं मर्दन हा शिक्षणाचाच भाग आहे. जो गुरुक्कल तलवार शिकवतो तोच मर्दन आणि उपचार जाणतो. त्या परंपरेतल्या मीनाक्षी अम्मांना २०१७ साली पद्मश्री मिळाली, सत्तरी ओलांडल्यावर, तलवार हातात असतानाच. सातव्या वर्षी सुरू केलेली विद्या त्या वयापर्यंत टिकते. जपानच्या केइको फुकुदांनी ज्युदोमध्ये सर्वात वरची दहावी श्रेणी मिळवणारी पहिली बाई होण्याचा मान २०११ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी मिळवला. मधे कित्येक वर्षं केवळ बाई म्हणून त्यांना पाचव्या श्रेणीवर अडकवून ठेवलं होतं. ज्यांना इतकं लांब जायचं असतं त्यांना रोज जीव काढून चालत नाही. आपल्यालाही तीन महिन्यांचा वर्ग घेऊन थांबायचं नाही. आपल्या बायका साठाव्या वर्षीही पाय उचलू शकल्या पाहिजेत.

आता एक खोल गोष्ट. स्वसंरक्षण शिकणाऱ्या बाईला सुट्टीची जी टोचणी लागते ती इतर खेळांतल्या बाईला लागत नाही. बॅडमिंटनचा सराव चुकला तर सामना हरतो. आपल्याकडे येणारीच्या मनात असतं, "मी आज गेले नाही आणि आजच काही झालं तर?" आमच्या वर्गातल्या एका नर्सनं हे एकदा बोलून दाखवलं. रात्रपाळी करून, न झोपता ती वर्गाला यायची. म्हणायची, "न आले तर रात्री रिक्षातून जाताना मला वाटतं, आज आपण तयार नाही." आम्ही त्या दिवशी सराव थांबवला आणि गोल करून बोलत बसलो. एकीनं विचारलं, "समज, काही झालंच. तर चूक कुणाची? तू गुरुवारी वर्गाला आली नाहीस त्याची?" ती नर्स खूप रडली.

मैत्रिणींनो, कपडे कसे होते, रात्री का गेली होतीस, या प्रश्नांविरुद्ध आपण चाळीस-पंचेचाळीस वर्षं भांडतोय. मथुरेच्या खटल्यानंतर १९८० साली बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हापासून. आता त्यात आपणच एक नवा प्रश्न घालायचा का, "सराव का केला नव्हतास?" बाईवर हात टाकला जातो त्याचा दोष हात टाकणाऱ्याचा. आपलं प्रशिक्षण म्हणजे तिच्या हातातलं एक जादा साधन. ती तिची जबाबदारी नाही. आणि तो हात बहुतेक वेळा अंधाऱ्या गल्लीतला नसतो. त्याच आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या जवळजवळ तीस टक्के बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. त्या घरातल्या बाईला रोज सज्ज राहायला सांगणं म्हणजे तिनं कधीच झोपू नये असं सांगणं. तिला एक तास तरी अशी जागा हवी जिथे पाठ टेकता येईल.

हे सगळं पटल्यावर आम्ही वर्गात काय बदललं ते सांगते. सगळं जमलं असं नाही.

रजिस्टरमधला 'गैरहजर' हा शिक्का काढला. आता दोन खुणा आहेत. 'ह' म्हणजे हजर आणि 'वि' म्हणजे विसावा. विसावा प्रत्येकीनं स्वतः सांगून घ्यायचा. आठवड्यात निदान एक 'वि' नसेल तर आम्ही विचारतो, "का गं, घेतला नाहीस?" चार-सहा आठवड्यांनी एक आठवडा सगळ्यांचाच हलका ठेवतो. बोर्डावर दुखण्याचे दोन प्रकार लिहिले आहेत. दोन्ही अंगांना सारखं, बोथट, दोन-तीन दिवसांत जाणारं दुखणं मेहनतीचं. त्यात हलका सराव चालतो. एकाच जागी, टोचणारं, सांध्यात किंवा हाडावर, करता करता वाढणारं दुखणं म्हणजे थांबायची खूण. आणि डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं, तर त्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टर. तिथे हिंमत दाखवायची नाही.

दुसरं, आम्ही गुरुवार सगळ्यांसाठी विसाव्याचा ठरवला. पहिल्याच महिन्यात गंमत झाली. गुरुवारी वर्ग नाही हे घरोघर कळलं आणि तो दिवस घरांनी गिळला. एकीच्या नणंदेनं मुलांची शिकवणी गुरुवारी तिच्यावर टाकली. एकीच्या सासूबाईंनी दळण गुरुवारी ठरवलं. म्हणजे सराव गेला आणि विसावाही गेला. मग बैठक घेतली. काही जणी म्हणाल्या, घरी सांगूच नका, गुरुवारीही वर्ग आहे म्हणा. काही म्हणाल्या, खोटं का बोलायचं, हक्कानं मागू. खूप वाद झाला. शेवटी ठरलं की हॉल गुरुवारीही उघडा ठेवायचा, त्याच वेळेला. यायचं, पंखा लावायचा, चटईवर आडवं व्हायचं. कुणी झोपतं, कुणी गप्पा मारतं, कुणी नुसतं छताकडे बघतं. हा वर्गच आहे, म्हणून खोटं बोलायची वेळ येत नाही.

पहिल्या गुरुवारी काय झालं असेल? बारा जणी आल्या, आणि पाचव्या मिनिटाला एक उठून केर काढायला लागली! आता तिथे नियम आहे. झाडू, पाणी, चहा सगळं मी बघणार. त्यांच्या हातात काही दिसता कामा नये.

कुणी म्हणेल, ताई, अशानं बायका सैलावतील, येणं सोडतील. मलाही ही भीती होती. तेव्हा विसावा आणि सुटून जाणं यांतला फरक कसा ओळखायचा, ते आम्ही असं ठरवलं: विसावा घेणारीला परत यायचा दिवस माहीत असतो. तो दिवस ती सांगून जाते. ज्या दिवशी ती यायला हवी होती आणि आली नाही, त्या दिवशी आम्ही तिच्या घरी जातो. जाब विचारायला नाही, काय अडचण आहे ते बघायला. बहुतेक वेळा अडचण आळसाची नसतेच. कुणी आजारी असतं, कुणाला मार पडलेला असतो.

शेवटी तुमच्याबद्दल. तुम्ही सगळ्या कार्यकर्त्या. सकाळी पोलीस स्टेशन, दुपारी बैठक, रात्री कुणाचा फोन. वर्गातल्या बायका तुमचं तोंडानं सांगणं ऐकत नाहीत, तुमचं वागणं बघतात. तुम्ही तापात शिकवायला उभ्या राहिलात तर त्या तापात शिकायला उभ्या राहतील. तेव्हा परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावापुढे एक 'वि' लिहा, सगळ्यांना दिसेल असा. त्या दिवशी काय केलं असं कुणी विचारलं तर सांगा, काही नाही केलं. पुढे कारण जोडू नका.

ती घरकामगार मैत्रीण आमच्या वर्गात परत आली का, असं तुम्ही विचाराल. नाही आली. मी दोनदा गेले, माफी मागितली. तिनं चहा पाजला, पण आली नाही. तिची मुलगी मात्र आता येते. आठवड्यातून एक दिवस 'वि' सांगते, आणि सांगताना खाली बघत नाही.

आणि सकाळची आपली गुडघेवाली मैत्रीण, ती बघा, आता भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसली आहे. तिला उठवू नका.

एवढं बोलून मी थांबते. आता तुम्ही बोला.